आईस्क्रीम सँडविचचे नाचणी बिस्किट : गोठल्यावरही मऊ कसे राहते?



आजच्या लेखात आपण आईस्क्रीम सँडविचसाठी लागणारी बिस्किटे घरच्या घरी कशी भाजायची ते पाहणार आहोत. हा कसला शाळेचा विषय, असे काहींना वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. पण पाण्याची रूपे, वजन-मापे, अपूर्णांक आणि 'असे का होते?' हा प्रश्न, एवढे सगळे एका बिस्किटात सापडले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवात झाली एका पडलेल्या दातापासून.

आमची शाळा शिवथरच्या खोऱ्यात आहे. समर्थांची घळ पाहायला येणारी मंडळी ज्या रस्त्याने येतात त्याच्या जरा आतल्या अंगाला. दोन शिक्षकी शाळा, पट १५. आनंददायी शनिवारी काहीतरी वेगळे करायचे म्हणून गेल्या वर्षी मी घरून आईस्क्रीम सँडविच करून नेले होते. मला नानकटाई बरी जमते. मैदा, पिठीसाखर, साजूक तूप, चिमूटभर सोडा. छान खुसखुशीत झाली होती. दोन नानकटायांच्या मध्ये आईस्क्रीम भरले, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि सकाळी बर्फ घातलेल्या डब्यातून शाळेत आणले. मुले रांगेत बसली. पहिलाच घास तिसरीतल्या एका मुलाने घेतला आणि कट्कन आवाज झाला. त्याने तोंडाला हात लावला, हात लाल झाला आणि मी घाबरले.

दुधाचा दात होता, आधीपासून हलत होता. तो मुलगा तर दात मुठीत धरून हसत होता. संध्याकाळी त्याच्या आईला सांगितले तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, आठ दिस त्या दातामागं जेवत नव्हता." पण मला काही बरे वाटेना. जी नानकटाई चहासोबत जिभेवर ठेवताच विरघळते, तिचे रात्रीतून मंगलोरी कौल कसे झाले? बाकीच्या मुलांनीही आईस्क्रीम चाटून खाल्ले आणि बिस्किटे परत डब्यात टाकली होती. त्या डब्याकडे बघून ठरवले की हे का झाले ते शोधायचे आणि पुढच्या वेळी नीट करायचे.

बिस्किट थंडीत दगड का होते?

याचे उत्तर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. डिसेंबरच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. आपण ती उन्हात ठेवतो किंवा गरम पाण्यात धरतो. तूपही डब्यात घट्ट बसते. पण भाजीसाठी आणलेले सूर्यफुलाचे तेल त्याच फळीवर पातळच राहते. म्हणजे प्रत्येक स्निग्ध पदार्थाची घट्ट होण्याची थंडी वेगळी असते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठायला लागते. सूर्यफुलाचे तेल शून्याच्या बरेच खाली जाईपर्यंत पातळ राहते.

नानकटाईत तूप भरपूर असते आणि पाणी जवळपास नसतेच. तोंडात ती विरघळते ती तोंडाच्या उबेने तूप वितळते म्हणून. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना तेच तूप पूर्ण गोठते, जीभही गार पडलेली असते, मग वितळणार कुठून? चहासोबत खायचे बिस्किट आणि आईस्क्रीमसोबत खायचे बिस्किट हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे मला तेव्हा कळले. पहिल्याची परीक्षा गरम चहात होते, दुसऱ्याची बर्फात. भट्टीतून काढल्यावर जे बिस्किट 'अगदी मस्त झालंय' असे वाटते, ते बहुतेक वेळा आईस्क्रीमसाठी नापास असते.

मग बाजारातले बिस्किट लावले तर? ग्लुकोज बिस्किटाच्या दोन तुकड्यांमध्ये आईस्क्रीम घालून आपण सगळ्यांनी लहानपणी खाल्ले आहे. ते लगेच खाल्ले तर झकास लागते. पण ठेवून बघा. कुरकुरीत बिस्किटात पाणी अगदी कमी असते. आईस्क्रीममध्ये सगळेच पाणी गोठलेले नसते, थोडा साखरेचा पाक त्यात पातळच राहतो. ते कोरडे बिस्किट हा ओलावा ओढून घेते आणि नरम, लिबलिबीत पडते. मुंबईत चर्चगेटजवळ के. रुस्तम हे १९५३ पासूनचे प्रसिद्ध दुकान आहे. तिथे आईस्क्रीमची जाड वडी दोन पातळ वेफर बिस्किटांमध्ये ठेवून हातात देतात. ते तिथेच, उभ्या उभ्या, बोटांवरून ओघळायच्या आत खायचे असते. म्हणून तिथे कुरकुरीत वेफर चालतो. न्यूयॉर्कच्या बोवरी भागात १८९९ मध्ये हातगाडीवर एका पेनीला आईस्क्रीम सँडविच विकत, तेही असेच लगोलग खायचे.

दुसरी रीत म्हणजे आधी करून गोठवून ठेवायचे. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज व्हिटनी यांनी १९२८ मध्ये ओटच्या दोन बिस्किटांमध्ये व्हॅनिला आईस्क्रीम भरून, वरून चॉकलेटात बुडवून 'इट्स-इट' नावाने विकायला सुरुवात केली. आजही ते मिळते. अशा सँडविचला वेफर नव्हे, जाडसर आणि चिवट-मऊ बिस्किट लागते. आपल्याला शाळेसाठी हेच हवे, कारण १८ जणांना एकाच वेळी द्यायचे असते आणि कुणाचा दात पाडायचा नसतो.

चार गोष्टी बदलल्या

पहिली गोष्ट, तुपाऐवजी लोणी. लोण्यात पाण्याचा अंश असतो (बाजारच्या बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास, घरच्या लोण्यात त्याहून जास्त). त्या पाण्याने पीठ भिजते आणि बिस्किट भुसभुशीत न होता जरा चिवट होते. त्यातही साधारण पाव भाग लोण्याऐवजी सूर्यफुलाचे तेल घातले. थंडीतही तेल पातळ राहते, त्यामुळे दाताखाली बिस्किट दबते. सगळेच तेल घातले तर चालेल का? मी करून पाहिले. मऊ झाले, पण तळलेल्या पुरीसारखे हात तेलकट झाले आणि चव गेली.

दुसरी, साखरेऐवजी गूळ. पावसाळ्यात उघडा राहिलेला गुळाचा खडा कसा ओला होतो ते आमच्या खोऱ्यात कुणाला सांगायला नको. इथे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. गूळ हवेतला ओलावा धरतो, तसाच बिस्किटातलाही धरून ठेवतो. नानकटाईत नको असलेला हा गुण इथे कामाला येतो. शिवाय पाण्यात साखर किंवा गूळ विरघळला की ते पाणी लवकर गोठत नाही.

तिसरी गोष्ट भाजण्याची. बिस्किट कडेने घट्ट झाले पण मध्ये बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो, अशा वेळीच आचेवरून काढायचे. मन म्हणते अजून दोन मिनिटे राहू दे. त्या दोन मिनिटांतच ओलावा उडून जातो. थाळीवर निवताना ते आपोआप बसते. हे शिकायला मला तीन शनिवार लागले, कारण 'कच्चे राहिले तर मुलांच्या पोटात दुखेल' ही भीती होती. मध्यभाग मऊ असला तरी तो कच्च्या कणकेसारखा चकाकता कामा नये. वरची चमक गेली आणि बारीक भेगा दिसल्या की झाले समजा.

चौथी गोष्ट म्हणजे पीठ. त्याबद्दल जरा जास्त लिहिते.

नाचणी

शिवथरच्या तिन्ही गावांत, म्हणजे कसबे, आंबे आणि कुंभे शिवथरला, खाचरात भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी ही जुनी रीत. नाचणीची भाकरी घराघरांत होते. पण आमच्या शाळेत मुले ती डब्यात आणत नाहीत. आणलीच तर झाकण अर्धे उघडे ठेवून, आतल्या आत तुकडा मोडून खातात. चौथीतली एक मुलगी तर आई पोळी देते त्याच दिवशी डबा उघडायची. बाकी दिवशी शाळेतली खिचडी, आणि डबा तसाच घरी. मी विचारले तर म्हणाली, "बाई, ती काळी दिसते."

मी पुस्तकातले सांगून पाहिले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गहू-तांदळाच्या कितीतरी पट. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, त्याचे पोस्टर आमच्या भिंतीवर अजून आहे. पोस्टरने डबा काही उघडला नाही.

बिस्किटात नाचणी घातली ती खरे तर यासाठी नाही. मैदा संपला होता. पण झाले असे की नाचणीचा तपकिरी रंग गुळामुळे आणखी गडद झाला आणि बिस्किट थेट चॉकलेटचे दिसू लागले. मुलांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हाच प्रश्न, "बाई, चॉकलेटचं हाय?" मी म्हटले, खाऊन सांगा. कुणालाच ओळखता आले नाही. पुढच्या वेळी पीठ आणायचे म्हटल्यावर त्याच चौथीतल्या मुलीने घरून पिशवीभर नाचणीचे पीठ आणले आणि ते 'आमच्या शेतातलं' आहे असे प्रत्येकाला सांगत सुटली.

नाचणीचा स्वभावही समजून घ्यायला हवा. गव्हात चिकटपणा देणारा ग्लूटेन असतो, नाचणीत तो नसतो. नुसत्या नाचणीचे बिस्किट आईस्क्रीमच्या ओझ्याने तुटते. म्हणून निम्मी नाचणी आणि निम्मी कणीक. नाचणीचे पीठ आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटे कोरडेच भाजून घ्या. खमंग वास सुटला की उतरवा. कच्च्या पिठाची चव जाते. दुसरे म्हणजे भिजवलेला गोळा अर्धा तास झाकून ठेवायचाच. नाचणी पाणी हळूहळू पिते. घाई केली तर बिस्किटात वाळूसारखी कचकच लागते.

साहित्य आणि कृती

आमची वाटी १५० मिलीची आहे. तुमची वेगळी असली तरी सगळ्याला एकच वाटी वापरा म्हणजे प्रमाण चुकणार नाही. भाजलेले नाचणीचे पीठ १ वाटी, कणीक १ वाटी, किसलेला गूळ १ वाटी (दाबून भरलेला), लोणी अर्धी वाटी, सूर्यफूल तेल २ मोठे चमचे, दूध २ मोठे चमचे, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, दही १ छोटा चमचा, मीठ चिमूटभर आणि असल्यास वेलची किंवा सुंठ. एवढ्यात मध्यम आकाराची १६ बिस्किटे होतात.

लोणी पातळ करून कोमट होऊ द्या. त्यात तेल आणि गूळ घालून चांगले फेटा. गूळ किसूनच घ्या. खडा राहिला तर भाजताना तो वितळतो आणि तिथे भोक पडते. दूध गार असावे. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटते, हे खिरीवरून माहीत असेलच. दूध, दही घालून मग दोन्ही पिठे, सोडा आणि मीठ चाळून मिसळा. फार मळू नका, चपातीची कणीक नाही ही. जास्त मळले की गव्हाचा चिकटपणा वाढतो आणि बिस्किट वातड होते. गोळा लाडवाच्या पिठाहून सैल, हाताला किंचित चिकटणारा हवा.

अर्ध्या तासाने लिंबाएवढे गोळे करून, तूप लावलेल्या थाळीवर अर्धा सेंटिमीटर जाडीचे, वाटीच्या बुडाएवढे थापा. काट्याने किंवा उदबत्तीच्या काडीने सगळीकडे भोके पाडा. या भोकांतून वाफ निघून जाते आणि बिस्किट पुरीसारखे फुगत नाही. सपाट बिस्किट हवे, कारण फुगलेल्यावर आईस्क्रीम बसत नाही. (बाजारातल्या बिस्किटांवरची ठिपक्यांची नक्षी ही शोभेसाठी आहे असे मला डी.एड. होईपर्यंत वाटत होते.)

घरी ओव्हन असेल तर १७० अंशांवर १० ते १२ मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या जर्मलच्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये दोन वाट्या खडे मीठ पसरा, त्यावर एक रिंग किंवा उलटी वाटी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. कुकर असेल तर शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून टाका, हे विसरू नका. मग बिस्किटांची थाळी आत ठेवून आच मंद करा. १२ ते १५ मिनिटे लागतात. हे काम मोठ्यांनीच करायचे, मुलांनी लांबून घड्याळ पाहायचे.

लहानपणी दिवाळीत आम्ही रवा, मैदा, साखर आणि डालडा पिशवीत घालून बेकरीत जायचो. भट्टीवाला आपल्यासमोर मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून बिस्किटे भाजून द्यायचा आणि मजुरी घ्यायचा. रांगेत दोन-दोन तास बसावे लागे. तो ट्रे बाहेर काढून बोटाने एक बिस्किट दाबायचा आणि कधी परत आत सरकवायचा, कधी नाही. तेव्हा कळायचे नाही तो काय बघतोय. आता मीही तेच करते.

सव्वादोनचे गणित

शाळेत १५ मुले, आम्ही दोघे शिक्षक आणि पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी मिळून १८ जण. एका सँडविचला दोन बिस्किटे, म्हणजे ३६. एका मापात १६ होतात. तर किती मापे घ्यायची? हा प्रश्न मी चौथीच्या मुलांना फळ्यावर दिला. १६ दुणे ३२, उरले ४, आणि ४ म्हणजे १६ चा पाव. उत्तर सव्वादोन. आता सव्वादोन वाट्या नाचणी मोजणे सोपे. पण लोणी अर्धी वाटी आहे, त्याची सव्वादोन पट किती? इथे गाडी अडली. शेवटी मुलांनी पाण्याने करून पाहिले. अर्धी वाटी, परत अर्धी वाटी, मग अर्ध्या वाटीचा चौथा भाग. एक वाटी भरून वर थोडे. 'एक पूर्णांक एक अष्टमांश' हे नाव मी नंतर सांगितले. सव्वा, दीड, अडीच ही माझ्या आजीची गणिते. ती वाटीने मोजायला लागले की लगेच कळतात.

भाजण्याचेही गणित होते. आमच्या थाळीत एका वेळी ४ बिस्किटे मावतात. म्हणजे ९ घाणे, प्रत्येकी १५ मिनिटे, सव्वादोन तास. परत सव्वादोन! मुलांना हा योगायोग बिस्किटापेक्षा जास्त आवडला. शाळेच्या वेळेत एवढे बसणार नाही, म्हणून एक घाणा मुलांसमोर केला आणि बाकीचे आदल्या रात्री घरी भाजून ठेवले. घट्ट झाकणाच्या डब्यात ही बिस्किटे चार-पाच दिवस मऊ राहतात. उलट दुसऱ्या दिवशी ती जास्त चांगली लागतात.

वीज नसताना आईस्क्रीम

शाळेत फ्रीज नाही आणि वीज असली तर असते. म्हणून आम्ही जत्रेतल्या पॉट आईस्क्रीमची रीत धरली. सहकारी सरांनी बाजारातून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवर आणली. गोणपाटाच्या आत भाताचा तूस भरला होता, म्हणून ती बरीचशी शाबूत पोहोचली. याला इतिहास आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन एक जहाज निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा हा उद्योग. तळ्यावरचा बर्फ कापायचा आणि लाकडाच्या भुशासारख्या उष्णता अडवणाऱ्या वस्तूंत बांधायचा. मग तो मुंबईतही येऊ लागला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत आईस्क्रीम वाढले आणि पाहुण्यांना सर्दी झाली म्हणून वर्तमानपत्राने टीका केली, असा किस्सा सांगतात. "आईस्क्रीम खाऊ नको, सर्दी होईल" हे वाक्य मुंबईत बहुतेक तेव्हापासूनचे असावे.

एक लिटर दूध आटवून साधारण निम्मे केले, त्यात एक वाटी साखर घातली, पूर्ण गार झाल्यावर दीड वाटी आंब्याचा रस मिसळला. एप्रिलचा शेवटचा शनिवार होता, निकालाच्या आधीचा. हे मिश्रण झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून डबा बादलीत ठेवला. भोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ, तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, असे थर दिले. बिस्किटे भाजताना पातेल्यात वापरलेले मीठही इथे संपवले.

आता नुसता बर्फ का नाही? नुसता बर्फ वितळताना शून्य अंशावर असतो. पण दुधात साखर आहे, ते शून्याला गोठत नाही. बर्फात मीठ घातले की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. वितळायला उष्णता लागते, ती तो आपल्या आजूबाजूने, म्हणजे डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. बर्फ-मिठाचे मिश्रण असे उणे २० अंशांच्या आसपास जाऊ शकते. आमच्या तापमापीवर उणे १० पर्यंतच खुणा आहेत. लाल रेघ त्याच्या खाली उतरली तेव्हा पहिलीतल्या पोराने विचारले, "बाई, ती संपली का?"

डबा पाळीपाळीने हातात धरून उलटसुलट फिरवायचा आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून कडेला गोठलेले चमच्याने खरवडून मध्ये ढकलायचे. ढवळत राहिल्याने बर्फाचे कण बारीक राहतात. न ढवळता ठेवले तर मोठे खडे होतात आणि आईस्क्रीम न होता बर्फाचा गोळा होतो. पाऊण तासात लोण्यासारखे घट्ट झाले. बादलीतले खारट पाणी डब्यात शिरू देऊ नका, आमच्या पहिल्या डब्याचे तेच झाले होते. बर्फ-मीठ उघड्या हाताने धरू नका, कापड घ्या, कातडी दुखावते. आणि बाजारातली लादी खाण्याच्या बर्फाची नसते. ती बाहेरच ठेवायची, मुले तुकडा तोंडात टाकतात, लक्ष ठेवा.

भरणे

बिस्किट पूर्ण गार हवे. कोमट असले तरी आईस्क्रीम वितळून खाली जाते. एका बिस्किटाच्या पालथ्या बाजूवर दोन मोठे चमचे आईस्क्रीम, वर दुसरे, हलकेच दाबायचे. मध्यावर नाही, सगळ्या तळहाताने, नाहीतर एका बाजूने बाहेर येते. बटर पेपरच्या चौकोनात गुंडाळून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात रचायचे आणि तो डबा पुन्हा नव्या बर्फ-मिठात गाडून वर गोणपाट टाकायचे. आम्ही एक तास ठेवले. त्या तासात मुलांनी चित्रे काढली, बहुतेकांनी बादलीचेच चित्र काढले. घरी फ्रीजरमध्ये ठेवलेत तर आठवडाभर टिकतात. पण एकदा पूर्ण वितळलेले आईस्क्रीम पुन्हा गोठवून खाऊ नका. एकतर खडे होतात आणि दुसरे म्हणजे वितळलेल्या दुधात जंतू वाढलेले असू शकतात, ते गोठवल्याने मरत नाहीत.

यंदा पहिला घास त्याच मुलाला दिला. तो आता चौथीत गेला आहे, पुढचा दात नवा आला आहे. त्याने आधी जिभेने बिस्किट तपासले, मग कडेचा तुकडा तोडला. आवाज आला नाही. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाला, "मऊ हाय," आणि मग कुणी कुणाकडे बघितले नाही.

मावशींचे मत मात्र वेगळे पडले. त्यांनी आईस्क्रीमशिवाय दोन बिस्किटे मागून घेतली. सोमवारी म्हणाल्या, घरी सासूबाईंना चहासोबत दिली तर पहिल्याच बुडवणीत निम्मे बिस्किट कपात गेले. "बाईंना सांग, चांगला हाय पण चहात उभा राहत न्हाय." खरे आहे. चहासाठी नानकटाईच करा, तुपाची. ती मला अजूनही बरी जमते.